खरा की खारा

नदीकाठी ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाला मांडव पडला होता आणि त्यात माणसांपेक्षा बाटल्या जास्त होत्या. प्रत्येकाच्या हातात घरच्या नळाचं पाणी. जलगुरू रत्नाकरजी त्या पाण्यातले रोग डोळ्यांना दाखवत होते.

अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष. शिकलेले खूश, भाविकही खूश. "ये है क्वांटम रोगदर्शी यंत्र! मैया का आशीर्वाद, हमारा आविष्कार!"

नळाच्या पाण्यात दोन सळया बुडाल्या, बटण दाबलं, आणि बघता बघता पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. बाया तोंडाला पदर लावून मागं सरल्या. मग दुसऱ्या पेल्यात जलगुरूंचं अमृतजल. त्याच सळया, तेच बटण, पाणी आरशासारखं.

"जलगुरू की जय!"

सगळ्यांत मोठा आवाज पार्वताबाईचा. घरी तिचा नवरा डोमाजी टीबीनं खंगलेला. गोळ्या घेतल्या तर अमृतजल रुसतं, असं जलगुरूंनी सांगितलं, म्हणून तिनं दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. खोकला पुन्हा वाढला, तर जलगुरू म्हणाले, "रोग बाहर निकल रहा है, माताजी!"

"आई, बाबांच्या जिवावर बेतंल," सून ममता कळवळून सांगायची. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"तू चूप बस. तुझ्या शाळेत दाखवते का कोणी पाण्यातला रोग?"

आजही ममता सोबत आली होती, ती नुसती राग गिळत.

तेवढ्यात जलगुरूंनी पार्वताबाईलाच वर बोलावून अमृतजलाचा पेला तिच्या हाती दिला. भोंगा घरघरला, "अब माताजी अपने हाथ से इस जल को खरा करेंगी!"

घरघरीत 'खरा'चं 'खारा' झालं. यंत्राची आणखी परीक्षा असेल, असं पार्वताबाईला वाटलं. घाटावर घेतलेल्या जामासोबतची, म्हणजे पेरूसोबतची, मिठाची पुडी मुठीत होतीच. जलगुरू डोळे मिटून मंत्र पुटपुटत होते. तिनं पुडी अमृतजलात रिकामी केली आणि श्रद्धेनं ढवळली. जलगुरूंनी सळया बुडवून बटण दाबलं.

अमृतजल तपकिरी झालं. फेसासकट.

"क्या डाला इसमें?"

"मीठ! तुम्हीच म्हणाले ना, खारा करो."

"अरे, खरा! खरा बोला था!"

"मंग खारं केल्यावर खरं निघालं, त्याले मी काय करू?"

मांडवात हशा पिकला. जलगुरू गरजले, "माताजी के मन में पाप है!" पार्वताबाईचा चेहरा पडला.

आता ममता उठली. तिनं अमृतजलाचा नवा पेला घेऊन त्यात स्वतःच्या पुडीतलं मीठ टाकलं. पाणी स्वच्छच राहिलं. "आता मीच सळया घालते." तिनं बटण दाबलं, पाणी तपकिरी झालं. "पाहा, रंग सळयांतून येतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतातच. यांच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही. बस, एवढंच."

कोणीतरी मागचा पडदा ओढला. इन्व्हर्टरवाला विक्की ओरडला, "अरे, हे तर माझ्या दुकानचे डबे! बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी! मी म्हणलं, हे महाराज एवढ्या बॅटऱ्या कुठं लावून राहिले!"

जलगुरू कोट काढून गर्दीत मिसळायला पाहत होते; रुद्राक्षानं घात केला, लोकांनी धरलं.

पार्वताबाई धावत घरी आली. "चला, उठा. दवाखान्यात जाऊ, गोळ्या चालू करू."

"काहून? अमृतजल संपलं का?"

"ते बॅटरीचं होतं."

डोमाजी खोकत खोकत म्हणाला, "मंग मी काय इन्व्हर्टर आहो काय?"

पार्वताबाई हसली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी खूप सुनावलं. फुप्फुसाचं नुकसान झालंच होतं. थोडा आणखी उशीर झाला असता तर रोगानं गोळ्यांनाही जुमानलं नसतं. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

पाणी शुद्ध करणारी नवी यंत्रं निघताहेत, निघायलाच पाहिजेत. त्यांना घरात जरूर घ्या. पण दाखवणाऱ्याला आधी विचारा: यात काय आहे, कसं चालतं, मी माझ्या हातानं करून पाहू का? जो प्रश्नावर चिडून तुमच्याच मनातलं पाप काढेल, त्याच्या भरवशावर घरातलं आजारी माणूस सोडू नका.