तोंडाने ओवायचा धोटा

मी धोटा बोलतो आहे. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, ताणलेल्या उभ्या सुतांमधून आडवे सूत घेऊन मी इकडून तिकडे धावतो, तेव्हा कापड होते. दीड वीत लांबी, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, मधे पोकळ पोट आणि एका बाजूला चिनी मातीचे कडे बसवलेले बारीक भोक, असा माझा आकार.

त्या भोकाविषयी आधीच सांगून टाकतो. पोटात सुताची कांडी बसवली की सुताचे टोक या भोकातून बाहेर काढावे लागते. भोक वाकडे आहे, बोट जात नाही. विणकर मला तोंडाशी नेतो, भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. दोरा ओठांत येतो. काम क्षणाचे, पण दिवसातून शंभरदा तरी. दोऱ्याबरोबर तेल, खळ आणि कापसाची धूळ आत जाते.

माझा जन्म विलायतेच्या उत्तरेकडच्या एका गावात झाला. त्या गावात जिकडे पाहावे तिकडे कापडाच्या गिरण्या होत्या आणि साच्यांवर बहुतेक बायका होत्या. मी ज्या साच्यावर लागलो तो एलन नावाच्या बाईचा. खात्यात आवाज इतका की बायका एकमेकींचे ओठ पाहून बोलत. एलनचे पुढचे दोन दात दोरा ओढून ओढून काळे पडले होते. हसताना ती हात आडवा धरी. शनिवारी ती ओठांना लाली लावून कामाला येई आणि ती लाली माझ्या कड्यावर राही.

एक दिवस गिरणी बंद होणार असल्याची पाटी लागली. साम्राज्याच्या काळात झालेल्या जुन्या करारामुळे हिंदुस्थानचे कापड तिकडे जकातीशिवाय उतरत असे आणि ते स्वस्त पडे. गिऱ्हाईक स्वस्ताकडे जाते. एलन म्हणाली की मुंबईचा माणूस तिने जन्मात पाहिला नाही, पण तो तिचा साचा घेऊन गेला एवढे तिला कळते.

हे तिने रागाने म्हटले होते. नंतर ते अक्षरशः खरे झाले. अठ्ठेचाळीस जुने साचे आणि धोट्यांच्या चार पेट्या मुंबईच्या एका गिरणीने विकत घेतल्या. त्रेपन्न साली मी बंदरावर उतरलो, शिवडीच्या एका गोदामात पावसाळाभर पडून राहिलो आणि मग बैलगाडीतून परळला आलो.

पेटी उघडली तेव्हा भोवती सात-आठ विणकर होते. त्यातल्या दत्तारामाने मला उचलले. हा मालवणकडचा, बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. कड्याकडे निरखून पाहत तो म्हणाला, "नाना, ह्येका मडमेची लाली लागलेली आसा. घरी सांगू नका हां वैनीक."

सगळे हसले. नानाही हसला. नाना राजापूरकडचा, खात्यातला जुना विणकर आणि कामगारांच्या गिरणी कमिटीचा माणूस. त्याने मला चिंधीने पुसले, कांडी भरली आणि तोंड लावले. त्या दिवसापासून मी नानाच्या साच्यावर आहे.

नाना कामाला चोख. दोन साचे सांभाळायचा आणि दोन्हींकडे न पाहता सूत तुटलेले ओळखायचा. ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षे होती. सभेला, मोर्चाला नाना पहिला. घोषणा देऊन घसा इतका बसलेला असे की शब्द फुटत नसे, तरी दोरा ओढायला श्वास मात्र पुरे. एकदा परळ नाक्यावर अश्रुधूर सोडला, तेव्हा नानाने नळावर भिजवलेला पंचा शेजारच्या माणसाला दिला, त्याने डोळे पुसून परत दिला आणि मग नानाने पुसले. हे नाना स्वतःच खात्यात सांगे. तो शेजारचा माणूस म्हणजे जयवंत.

जयवंत आमच्याच गिरणीत, पण थ्रॉसल खात्यात, म्हणजे जिथे सूत कातले जाते तिथे. त्याचे वडील तिथेच पस्तीस वर्षे होते. जयवंत मॅट्रिक झालेला. कमिटीची इंग्रजी पत्रे तोच लिही. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी आणि चाळीतल्या सगळ्यांनी बुद्धधम्म स्वीकारला होता. साच्यावर काम मिळावे म्हणून त्याने तीनदा अर्ज दिला होता. साचेखात्यात पगार जास्त, आणि काम त्याला येत होते. आपली पाळी नसेल तेव्हा नानाजवळ उभा राहून त्याने ते पाहून पाहून शिकून घेतले होते.

तिन्ही अर्ज परत आले. त्याच्या समाजातला एकही माणूस आमच्या साचेखात्यात नव्हता. कुणी त्याला वाईट बोलत नसे. फक्त दोऱ्याचे निमित्त सांगत. एका पाळीचा विणकर गेला की दुसऱ्या पाळीचा त्याच धोट्याला तोंड लावतो. मग कसे व्हायचे, असे हळू आवाजात म्हणत. कातलेले सूत थ्रॉसलमधून त्यांच्याच हातांनी येत होते, ते कांडीवर चढून माझ्या पोटात बसत होते. अडत होते ते शेवटच्या इंचाला.

एकोणसाठ साली बातमी आली की विलायतेला जाणाऱ्या कापडावर आता मर्यादा येणार. तिकडच्या गिरण्या वाचवायच्या म्हणून दोन्हीकडच्या बड्या लोकांनी बसून आकडा ठरवला होता. आमच्या गिरणीचे बरेचसे कोरे कापड तिकडेच जात असे. महिन्याभरात नोटीस लागली: एका विणकराने दोनऐवजी चार साचे चालवायचे, उरलेल्यांना रजा.

खात्यात राग होता. नाना म्हणाला, दीडशे वर्षे त्यांनी आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, आता आपले कापड चालले तर त्यांच्या पोटात दुखते. मला एलन आठवली. पण धोट्याला कोण विचारतो.

आणि याच सुमारास विलायतेहून एक पत्र आले. तिकडच्या एका गावाच्या विणकर युनियनने मुंबईच्या विणकरांना लिहिलेले. जेवणाच्या सुट्टीत, साच्यांच्या मधल्या वाटेवर डबे उघडून सगळे बसले होते, तेव्हा जयवंताने ते मराठीत वाचून दाखवले.

पत्र सरळ होते. मर्यादा घाला असे आम्हीच आमच्या सरकारला सांगितले, ते लपवत नाही, असे त्यांनी लिहिले होते. गावातल्या चौदापैकी नऊ गिरण्या बंद झाल्या, दुसरी वाट दिसली नाही. तुमच्याशी वैर नाही. तुम्ही किती साचे चालवता, किती तास, काय पगारावर, ते कळवा. तुमची मजुरी वाढली तर मालकाला आम्हांला तुमची आणि तुम्हांला आमची भीती दाखवता येणार नाही. शेवटी एक गोष्ट होती. धोट्याला तोंड लावणे आमच्याकडे आता कायद्याने बंद झाले आहे. हाताने ओवायचे धोटे आले आहेत. आमच्या बायकांचे दात त्यात गेले. तुम्हीही ही मागणी करा.

चार साच्यांना नकार द्यायचा, संप करायचा, हे पटकन ठरले. पत्राला उत्तर द्यायचे हेही ठरले. नाना म्हणाला, "सगळं लिही जयवंता. धोट्याचं तेवढं गाळ."

"का?"

"हातानं ओवण्यात वेळ जातो. कापड कमी भरतं."

"नाना, कारण ते नाही."

दत्ताराम म्हणाला, "अरे, माका जेवूक तरी देवा." पण कुणी हसले नाही.

जयवंत उठला नाही, आवाजही चढवला नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "या धोट्याला विलायतेतल्या बाईचं तोंड लागलेलं चाललं. तिची जात विचारली होतीत?"

"ती कुठं मला दिसली होती," नाना म्हणाला.

"मी दिसतो. एवढंच ना?"

नाना डब्याचे झाकण लावू लागला. ते नीट बसेना. मग तो म्हणाला, "तसं नाही रे. आधीच साचे कमी होतायत. आहेत त्यांनाच पुरत नाहीत, त्यात आणखी माणसं कुठं घ्यायची?"

"विलायतवाले आपल्याबद्दल हेच म्हणतात, नाना," जयवंत म्हणाला.

भोंगा झाला आणि सगळे साच्यांवर गेले. त्या दुपारी नानाने दोनदा सूत तुटलेले ओळखले नाही.

जयवंताने उत्तर लिहिले. त्यात तास, पगार, साचे सगळे होते आणि शेवटी असे होते की आमच्या गिरणीत धोटा अजून तोंडाने ओवतात, आणि ते कारण सांगून अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या माणसांना विणकामाला घेत नाहीत. हाताने ओवायचा धोटा आमच्या खात्याला दातांसाठी आणि या माणसांसाठी, दोन्हींसाठी हवा आहे. त्याने ते नानाला मराठीत वाचून दाखवले. कमिटीतर्फे सही नानाची लागणार होती. नानाने कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

तो खिशातच राहिला. दुसऱ्या आठवड्यात संप झाला. अकरा दिवस मी थांबलेल्या साच्यावर, अर्धी कांडी पोटात घेऊन पडून होतो. काय झाले ते नंतर ऐकले. भांडण साचेखात्याचे, थ्रॉसलला चार साच्यांशी देणेघेणे नव्हते. तरी पहिल्या दिवशी सर्वांत आधी थ्रॉसल खाते बाहेर पडले. जयवंताने कसली अट घातली नाही. मालक चार साच्यांचा हट्ट सोडून तिनांवर आला. सगळे वाचले नाहीत. दत्ताराम गेला, आता तो गावी असतो म्हणे.

साचे सुरू झाले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नानाने जयवंताला बोलावले आणि खिशातला कागद काढला. तो घामाने मऊ झाला होता.

"सही इंग्रजीत करू की मराठीत?"

"मराठीत करा. राज्य कुठल्या भाषेचं मागताय?"

नानाने माझ्या साच्याच्या कडेवर कागद टेकवून सही केली. मग म्हणाला, "एक सांगतो. तुझ्यामागं त्या धोट्याला तोंड लावणं माझ्याच्यानं अजून व्हायचं नाही. लिहिलंयस ते खरं आहे म्हणून सही करतो."

"इतकं पुरे आहे आत्ता," जयवंत म्हणाला. त्याला ते पुरले असेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्राचे राज्य झाले, गुलाल उडाला. त्यानंतर एक लहान पार्सल आले. तिकडच्या युनियनने एक धोटा पाठवला होता, हाताने ओवायचा. त्याला भोकाऐवजी खाच आहे. दोरा वरून दाबला की बसतो. साहेबाने तो पाहिला आणि अख्ख्या खात्याला असे हजार धोटे लागतील, विचार करू, असे म्हणून परत दिला.

तो धोटा नानाने माझ्या साच्यावर आणला. जयवंत जेवणाच्या सुट्टीत आला, तेव्हा नानाने तो त्याच्या हातात ठेवला आणि स्वतः बाजूला सरून उभा राहिला. पहिल्यांदा दोरा खाचेतून निसटला. दुसऱ्यांदा बसला. जयवंताने साचा सुरू केला. सुट्टी संपायला थोडाच वेळ होता. तेवढ्यात वीतभर कापड झाले असेल. एकदा सूत तुटले ते नानाच्या आधी त्याने ओळखले. लोक डबे घेऊन बसल्या जागेवरून पाहत होते. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला आणि पाहून परत गेला. भोंगा झाल्यावर जयवंताने साचा थांबवला, हात पुसले आणि तो थ्रॉसलला गेला. त्याचा चौथा अर्ज अजून ऑफिसात आहे.

नवा धोटा आता खिडकीत आहे, कारण साच्याला जोडी लागते, एक धावतो तेव्हा दुसरा भरायचा, आणि तो एकटाच आहे. मी पुन्हा साच्यावर आहे, आणि दिवसातून शंभरदा नाना, आणि रात्रपाळीला दुसरा कुणी, मला तोंड लावतात.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा म्हणतात की आम्हांला टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. मी दोन देशांत दोन पिढ्यांचे दात खाल्ले आणि एका माणसाला दारात उभे ठेवायला निमित्त झालो. माझे लाकूड अजून दहा वर्षे टिकेल, म्हणून ही भीती. मला मोडीत काढा. माझ्या पेटीतले सगळे काढा. चुलीत घातलेत तरी चालेल, लाकूड चांगले जळते. माझ्या जागी खाचेचे धोटे आणा, आणि त्या दिवशी या साच्यावर नाव कुणाचे लावायचे हा प्रश्न आला, तर माझ्याकडे बोट दाखवू नका. मी तिथे नसेन.