सुतारखोलीतली सावली

मी एक गेम कन्सोल बोलतोय. दुकानात काचेमागे मांडतात तसला नव्हे, चाचणीचा. नव्या पिढीचे माझे भाऊबंद बाजारात येण्याच्या वर्षभर आधीच मला गेम बनवणाऱ्या एका कंपनीत धाडलं. अंगाने ओबडधोबड, पाठीवर नंबराची चिठ्ठी, आणि पंखा असा की मी चालू झालो की शेजारचा माणूस वैतागून कानांवर हेडफोन चढवायचा.

मला एका बाईच्या टेबलावर ठेवलं. गेममधल्या खोल्यांत उजेड कुठून यावा, सावली कुठे पडावी, हे ती ठरवायची. म्हणून सगळे तिला दिवेवाली म्हणत. तिनं एक सुतारखोली उभी केली होती. खिडकीतून तिरपं ऊन, हवेत तरंगणारा भुसा, आणि समोरच्या भिंतीवर रंधा मारणाऱ्या माणसाची सावली. माणूस कुठेच नाही, नुसती सावली. उजवा खांदा जरा पडलेला.

एका दुपारी ती आईला ऑफिस दाखवायला घेऊन आली. आई खुर्चीत टेकली, पडद्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अगं, ह्यांनी अजून जेवायची सुट्टी नाही केली?"

दिवेवालीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे वडील सुतार होते आणि दोन वर्षांपूर्वी काम करता करताच गेले होते, हे मला त्या दोघींच्या बोलण्यातून तेव्हा कळलं. ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चित्र तसं धूसरच होतं. मला सेकंदाला साठ वेळा चित्र काढावं लागतं आणि माझा जीव तो केवढा! उन्हाचा एकेक किरण धरून सावली पाडायची, तर रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा रेखीवपणा, उतरवावं लागतं. रिझोल्यूशन चढवलं, तर उन्हा-सावलीला कात्री लागते. प्रोग्रामरनं बैठकीत हे सगळं समजावून सांगितलं. दिवेवाली तावातावानं भांडली. चित्र जरा अंधुक राहिलं तरी चालेल, खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटलं पाहिजे, असं तिनं परोपरीनं सांगितलं. वडिलांचं नाव मात्र काढलं नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लोक खोक्यावरचा रिझोल्यूशनचा आकडा बघून घेतात. सावली खोक्यावर छापता येत नाही."

प्रोग्रामर म्हणाला, मी काढून टाकतो. ती नको म्हणाली. स्वतःच्या हातानं काढली.

खोली लख्ख झाली. लाकडाची रेघ न् रेघ दिसायला लागली. आणि भिंत ओकीबोकी.

चार दिवसांनी चाचणी करणाऱ्या मुलीनं तक्रार नोंदवली की सुतारखोलीत भिंतीवर कुणीतरी हलतंय. प्रोग्रामरनं सगळं उकरून काढलं, सावलीचं नामोनिशाण सापडेना. दुसऱ्या कन्सोलवर लावून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्यावर खापर फोडलं: यंत्रच बिघडलंय, आतलं सगळं पुसून परत पाठवा.

पण पडद्यावरचा ठिपका न् ठिपका मी काढतो. ती सावली मी काढत नव्हतो.

पुसायच्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर दिवेवाली माझ्यासमोर बसली. सुतारखोलीत शिरली. सावली होती. आता तर बोटंही स्पष्ट दिसत होती. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुमचा फोन आला होता. मी कामात होते. नंतर करू म्हटलं."

सावलीनं वळून पाहिलं नाही. रंधा मारतच राहिली.

दिवेवालीनं डोळे पुसले आणि पुसण्याचं बटण स्वतःच दाबलं.

तो गेम तुमच्या घरी येईल. सुतारखोलीतून धावत पुढे जाऊ नका एवढंच मागणं आहे. भिंतीसमोर क्षणभर थांबा.

माझ्यातून खिडकी गेली. ऊन गेलं. आता भिंतही गेली. माझा पंखासुद्धा थांबलाय, आणि तरी लाकूड तासल्याचा आवाज येतोय.