फोटोत नसलेली बिरेत

मित्रांनो, मी एक जुना रिळाचा कॅमेरा आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या मुलखात, देत्नू नदीकाठच्या एका घरात, फळीवर, रेनडियरच्या कातड्यात गुंडाळलेला पडून असतो. एकेकाळी माझा मोठा थाट होता. माझा मालक मिहकल ध्रुवप्रकाशाचे फोटो काढायचा, लोक वाहवा करायचे आणि मी फुगून जायचो.

मिहकलची आई इंगा मात्र माझ्यावर खार खाऊन असे. आकाशात तो हिरवा उजेड हलू लागला की ती कुणाला आवाज करू देत नसे. आवाज केला की तो खाली उतरून माणसाला नेतो, असं ती मानायची.

"गप उभं राहावं, बघावं. यंत्र कसलं रोखतोस त्याच्यावर?"

"आई, तुझा उजेड माझ्या कॅमेऱ्याला घाबरतो का गं?"

"तो कशाला घाबरेल मेल्या, मी घाबरते!"

एका हिवाळ्यात, इथे सूर्य उगवतच नाही त्या दिवसांत, दुपारच्या अंधारातच आकाश उजळलं. मिहकलने मला गोठलेल्या नदीवर तिपाईवर उभं केलं. सोबत त्याची चिमुरडी लेक बिरेत होती. "हलू नकोस हं," असं तिला बजावून त्याने माझा डोळा उघडणारी तार दाबून धरली. अंधारात माझा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. मिहकलची नजर घड्याळावर होती.

बिरेत माझ्यासमोरून चालू लागली. पुढे पाण्याला ओढ होती, तिथला बर्फ पापडासारखा पातळ. मला सगळं दिसत होतं आणि माझ्याने हूं की चूं करवत नव्हतं. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

इंगा दारातून आकाश बघत होती. हिरव्या बर्फावर तिला तो इवलासा ठिपका दिसला. जन्मभर त्या उजेडाखाली खोकलासुद्धा दाबणारी म्हातारी जिवाच्या आकांताने ओरडली.

"बिरेत! थांब! मिहकल, पोर गेली रे!"

मिहकलच्या हातातली तार सुटली, माझा डोळा मिटला. पुढे मी फक्त बर्फ तडकताना ऐकला. मग पोरीचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मिहकलने पोटावर सरपटत जाऊन तिला कोटाच्या टोपीला धरून ओढलं होतं. इंगा मात्र डोक्यावर शाल घेऊन उभी होती, आता उजेड आपल्याला नेणार म्हणून.

फोटो फार सुंदर आला. नदी होती, आकाश होतं. बिरेत नव्हती. सतत हलणारं माणूस माझ्या लांबलेल्या नजरेत उमटतच नाही.

इंगाने फोटो हातात घेतला. "यात पोर कुठाय रे?"

मिहकलने फोटो पालथा ठेवला. त्याने मला कातड्यात गुंडाळलं. आता आकाश उजळलं की तो बिरेतचा हात धरून नुसता उभा राहतो.

मित्रांनो, आम्हाला जरूर वापरा. पण आमचा डोळा उघडा असेल तेव्हा तुमचा आपल्या माणसांवर असू द्या. आम्हाला हाक मारता येत नाही.