एका खात्याचा राखणदार

मित्रांनो, तुम्हाला मला हात लावून पाहता येणार नाही, की फडक्याने पुसताही येणार नाही. मी बॅकअप घेणारा एक जुना प्रोग्राम आहे. संगणकातल्या फायलींची रोज एक जादा प्रत काढायची आणि ती शेजारच्या काळ्या डबीत, म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कवर, नीट ठेवून द्यायची, हे माझे काम. कुणाचे काही हरवले, की मी ते परत आणून देतो. हरवले नाही, तर माझी कुणाला आठवणही येत नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आमच्यासारख्यांना बघूनच सुचली असावी!

मला पुष्कळ माणसांनी मिळून घडवले. त्यांचे आपापसात भांडण फार, पण एक शिस्त त्यांनी मला एकमताने लावली. ज्याच्या खात्यावर मला बसवले, त्याच्याच वस्तूंना हात लावायचा. दुसऱ्याच्या कपाटात डोकावायचे नाही. शिस्त चांगलीच आहे, मी ती कधी मोडली नाही.

मी आलो तो एका शिवणघरात. घराची पुढची मोठी खोली, दोन शिलाई मशीन, कापायचे लांब टेबल आणि खिडकीशी एकच संगणक. तो दोन जावा वापरत. थोरली गिऱ्हाइके आणि बिले सांभाळी, धाकटी कपड्यांचे पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे आराखडे, काढी. दोघींची खाती वेगळी, पासवर्ड टाकला की जिचे तिला दिसे.

धाकटीचे काम साधे नव्हते. ज्यांना नेहमीचे कपडे घालता येत नाहीत, अशांसाठी ती कपडे बेतायची. कुणाचा हात वर होत नाही, कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणी कायम खुर्चीत बसलेले. तिने पहिला पॅटर्न काढला तो सासऱ्यांसाठी. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. बाजूने उघडणारा आणि एका हाताने लावता येणारा सदरा तिने त्यांना शिवून दिला. तो घालून ते स्वतःचे स्वतः बाहेर आले, तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात जाऊन रडली, असे थोरली गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. मग माणसामागून माणूस आला आणि प्रत्येकाचा वेगळा पॅटर्न धाकटीच्या खात्यात जमत गेला.

मला बसवले ते थोरलीने. बसताना मी रीतीप्रमाणे विचारले, फक्त या खात्यासाठी, की संगणकावरच्या सगळ्यांसाठी? तिने ‘सगळ्यांसाठी’वर बोट ठेवले, तर संगणकाने मुख्य पासवर्ड मागितला. तो तिच्या यजमानांकडे, आणि यजमान कापड आणायला गेलेले. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते. “माझ्यासाठी म्हणजे घरासाठीच की,” असे पुटपुटत तिने पहिला पर्याय दाबला. मित्रांनो, त्या बाईने आजवर स्वतःपुरते काही आणलेच नव्हते. ‘माझं’ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे सगळे घर असायचे. मला मात्र तिचे एकटीचेच खाते मिळाले.

सुरुवातीला माझा काय तोरा होता! एकदा थोरलीच्या हातून बिलांचा अख्खा फोल्डर उडाला आणि मी तो चुटकीसरशी परत आणला. तिने सगळ्यांना हाका मारून दाखवला. “आता काही काळजी नाही, सगळं जपलं जातंय,” असे तिने जाहीर केले. धाकटीनेही मान डोलावली. माझी हिरवी खूण थोरलीच्या पडद्यावर रोज उमटे. धाकटीच्या पडद्यावर ती कधीच नव्हती, पण नसलेली खूण कुणाला दिसणार? पुढे थोरलीही माझ्याकडे बघेनाशी झाली.

मग एके दिवशी दुपारी संगणकाने खरखर आवाज काढला आणि तो बंद पडला. आतली डिस्क कायमची गेली.

“घाबरू नकोस गं,” थोरली म्हणाली. “बॅकअप आहे ना!”

दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली, दोघींची खाती नव्याने उघडली आणि मलाही पुन्हा थोरलीच्या खात्यावर चढवले. मी काळ्या डबीतून एकेक वस्तू आणून मांडली. थोरलीची बिले आली, पत्ते आले, पडद्यावरचे फुलांचे चित्रसुद्धा आले. मग धाकटीचे खाते उघडले. आत काहीच नव्हते.

“ताई, तुमचं सगळं आलं?” तिने हळूच विचारले.

थोरलीने काळी डबी पुन्हा पुन्हा काढून जोडून पाहिली. मलाही त्या दिवशी फार वाईट वाटले.

तिसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, “मी माझ्यासाठी म्हटलं ते घरासाठीच होतं गं.”

“मला माहीत आहे, ताई. त्या प्रोग्रामला कुठे माहीत होतं?”

थोरली उठली, सासऱ्यांकडे गेली आणि त्यांचा सदरा मागून घेऊन आली. तिने तो शिवणीशिवणीने उसवला. धाकटीने तुकडे टेबलावर पसरून मापे घेतली. सासरे दारात येऊन म्हणाले, “म्हणजे आता मी बनियनवरच बसायचं का?” तेव्हा कुठे दोघी हसल्या.

मग थोरली गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरली, जुने कपडे मागून आणले, मापे घेऊन झाली की पुन्हा शिवून परत केले. बरेचसे पॅटर्न जमले. काही माणसे दूर गेली होती, काही राहिली नव्हती. त्यांचे पॅटर्न आले नाहीत ते नाहीतच.

यजमानांनी स्वतः मुख्य पासवर्ड टाकला आणि मला सगळ्यांसाठी बसवले. दोघींच्या पडद्यांवर हिरवी खूण आली. थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकला, पण धाकटीने काय करावे? सासऱ्यांच्या सदऱ्याचा नवा पॅटर्न तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

“अगं, वेड लागलंय का तुला!” थोरली ओरडली.

“बघू तरी, परत देतोय का.”

मी दिला. बाहीची रेघन्‌रेघ जागेवर होती. धाकटीने ती बोटाने एकदा तपासली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पॅटर्न उघडून कामाला लागली.

मित्रांनो, आम्हाला जिथे बसवाल, तिथे आम्ही इमानाने राखण करू. पण हिरव्या खुणेवर विसंबू नका. ठेवलेले परत येते का, हे अधूनमधून मागून पाहा. आणि घरात कुणी म्हणाले, “सगळं जपलंय,” तर त्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला जवळ जाऊन एवढेच विचारा, “तुझंही का?”