आपोआप उघडणारं पान

"बघा ताई, हात न लावता उघडतं," असं म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने ते जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर पाठीवर उभं धरलं आणि सोडून दिलं.

पुस्तक दोन्हीकडे पसरलं आणि एका पानावर स्थिर झालं. पानाचा आकडा त्यानेही बघितला नाही, मीही नाही. आम्हा दोघांना तो पाठ होता.

"मी वाचलं हे पान," तो म्हणाला. "तीनदा वाचलं. म्हटलं, बायको एवढं काय वाचते ते आपल्यालाही कळायला हवं."

"मग, आवडलं का?"

"चांगलं लिहिलंय," तो हळूच म्हणाला. त्याला मोठ्याने बोलताना मी सहा वर्षांत ऐकलेलं नाही. "ती येणार होती स्वतः. पण जिने चढवत नाहीत हल्ली तिला. पुढचा भाग माझ्याकडेच द्या."

चिंगी चौतीस वर्षांची आहे. गेल्या वर्षापर्यंत ती हेच जिने पळत चढायची आणि वर येऊन माझ्या खळीच्या भांड्यात डोकावून नाक मुरडायची.

मी वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करते. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत एक दाबयंत्र, दोन कात्र्या, दाभण, दोऱ्याची रिळं आणि मी, असे आम्ही सत्तावीस वर्षं एकत्र आहोत. लोक पुस्तकांची तोंडं बघतात, मी पाठी बघते. पुस्तक ज्या पानावर जास्त वेळ उघडं धरलं जातं तिथे त्याची पाठ मोडते, आणि मग ते आपोआप तिथेच उघडतं. स्वयंपाकाची पुस्तकं गोडाच्या प्रकरणात उघडतात, कायद्याची घटस्फोटाच्या. आमचे ग्रंथपाल म्हणतात, "बाई, तुम्हाला गावाची सगळी गुपितं ठाऊक असतील." असतात. पण मी कुणाला सांगायला जात नाही, आणि दुरुस्ती झाली की ती पुसली जातात.

ही परीलोकाची मालिका चिंगीला मीच लावून दिली होती. आमच्या लहानपणी परी म्हणजे पंख लावलेली मुलगी असायची. इथे सगळे पुरुषच, उंच, देखणे, हळू बोलणारे. मिठाचा दरबार, मेणाचा दरबार, पिसांचा दरबार, असे एकूण सहा भाग. एका नावाड्याची मुलगी एका परीलोकच्या सरदाराला एक साधं वचन देते आणि त्याच्या दरबारात जाते. मग रोज एक नवं वचन. बाहेर जायचं तर विचारून. पत्र लिहायचं तर दाखवून. मला सगळ्यात राग याचा आला की तो सरदार मलाही आवडला. पहिला भाग संपवला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली म्हणून मी चक्क सुखावले होते. चिंगीच्या लग्नातही मी अशीच सुखावले होते.

पहिला भाग परत आला तो नाचाच्या पानावर उघडत. दुसरा उघडला तो ती मुलगी खिडकीत बसून आपल्या नदीचा आवाज आठवते तिथे. तेव्हा मी वाचनालयातल्या दुसऱ्या प्रती काढून स्वतः मालिका वाचायला घेतली. आणि आता हा तिसरा. त्या पानावर दरबारातली म्हातारी दासी मुलीला सांगते, की इथून पळून कुठेही जाता येत नाही. ज्याचं दार तुझ्यासाठी उघडं आहे अशा एकाच घरी जाता येतं. एकदा तू आत गेलीस, की आतलं माणूस 'या' म्हणेपर्यंत सरदाराला उंबरा ओलांडता येत नाही.

ते पान वाचलं तेव्हा मला दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आठवली आणि हातातलं दाभण खाली ठेवावं लागलं. चिंगी पुस्तक बदलायला आली होती, तो खाली फाटकाशी थांबला होता. ती म्हणाली होती, "परवा दुपारी तुझ्याकडे आले होते गं. कुलूप होतं. मग गेले परत."

आणि मी शहाणी, हसत म्हणाले होते, "दुपारी मी घरी कधी असते का वेडाबाई? सांगून यायचं ना."

ती पण हसली होती.

त्यानंतर मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा तो आमच्या मध्ये बसला. मी विचारलं, फोन का लागत नाही, तर तो म्हणाला, दुरुस्तीला दिलाय. नोकरी का सोडली, तर तो म्हणाला, दगदग होते तिला. चिंगी मान डोलवत होती. दाराशी निरोप घेताना मी तिचा हात धरला तर ती भरभर म्हणाली, "चांगले आहेत गं ते." मी काहीच विचारलं नव्हतं.

आणि आता तो माझ्या टेबलासमोर उभा राहून चौथा भाग मागत होता. जे मला वाचता येत होतं, ते त्यालाही वाचता येत होतं.

"चौथ्याची शिवण सुटलीय," मी म्हणाले. खोटं होतं, पुस्तक कोरं करकरीत होतं. "परवा न्याल का?"

"नेईन की," तो म्हणाला. "एवढा एकच भाग हं ताई. मग वाचन बंद. पुढच्या महिन्याच्या पंधराला आम्ही जातोय इथून. बदली झाली माझी, लांब. तिला अजून सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेते."

बदली कुठे, ते मी विचारलं. त्याने हसून मान हलवली आणि जिना उतरून गेला. मला भीती वाटली.

बाबाही बाइंडरच होते. आम्ही दोघी त्यांच्या खोलीत रद्दी कागदांच्या ढिगावर वाढलो. जाड पुस्तकाची कापडी पाठ आतल्या शिवणीला चिकटलेली नसते. मध्ये पोकळी असते, पुस्तक पूर्ण उघडून वरून बघितलं तर आरपार दिसते. चिंगीने चौथीत गणितात नापास झाल्याची चिठ्ठी तिथे लपवली होती. बाबांना ती सापडली. त्यांनी सही केली आणि पुन्हा तिथेच ठेवली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमची टपाल पेटी तीच होती.

माझं आयुष्य मोडलेल्या पाठी सरळ करण्यात गेलं. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदाच एक चांगली पाठ मुद्दाम मोडली. चौथ्या भागात एक फार गोड प्रकरण आहे, सरदार त्या मुलीच्या केसांत मोती माळतो ते. ते पान उघडून मी पुस्तक वजनाखाली ठेवलं, पुन्हा वाकवलं, पुन्हा ठेवलं. शेवटी टेबलावर सोडलं की दहापैकी दहा वेळा मोत्यांवर उघडू लागलं. मग माझ्या घराच्या कुलपाची दुसरी किल्ली खळीचा एक थेंब लावून पाठीच्या पोकळीत चिकटवली. चिठ्ठी लिहिली नाही. ती बघायची विसरली तर काय, हा विचार मी केला नाही. केला असता तर हात चालला नसता.

तो पुस्तक घेऊन गेला आणि नवव्या दिवशी परत घेऊन आला. टेबलावर उभं धरून त्याने सोडून दिलं. मोती.

"हे फार आवडलेलं दिसतंय तिला," तो म्हणाला. इतका खूश त्याला मी कधी बघितला नव्हता. "बघा, मी म्हणत होतो ना, वाचायला द्यावं माणसाने."

तो गेल्यावर मी पुस्तक उलटं उघडून उजेडाकडे धरलं. किल्ली नव्हती. तिच्या जागी दोऱ्याचा तुकडा होता, दोनदा फिरवून आत ओढलेली गाठ मारलेला. ही गाठ बाबांची. जगात आता दोघींनाच येते.

मग वाट बघणं आलं. रोज संध्याकाळी मी जिना चढायचे आणि वळणावरूनच दाराकडे बघायचे. कुलूप लटकत असायचं. अकरा दिवस मी त्या कुलपाचा जेवढा तिरस्कार केला तेवढा कुणा माणसाचाही केला नसेल. शेजारीण म्हणाली, "बरं नाहीये का? किती वाळलात." मी म्हणाले, काम वाढलंय. पंधरा तारखेला तीन दिवस उरले, मग दोन.

चौदा तारखेला दुपारी तो वर आला. दम लागला होता, पण आवाज तसाच होता.

"ती आलीय का इकडे?"

"नाही," मी म्हणाले. हे खरं होतं, म्हणून सहज म्हणता आलं.

त्याने माझ्या खोलीत नजर फिरवली. दाबयंत्रामागे बघितलं, कपाटाचं दार उघडून बघितलं, पुन्हा नीट लावलं. "घाबरू नका ताई," तो म्हणाला. "सापडेल. जाणार कुठे?"

तो खाली गेला आणि घराघरांतून विचारत सुटणार हे मला दिसत होतं. मी ग्रंथपालांना म्हटलं, पोटात दुखतंय. मागच्या दाराने निघाले. रस्त्यात एकदाही पळाले नाही, पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात.

जिन्याच्या वळणावरून बघितलं. दाराला कुलूप नव्हतं.

दार आतून बंद होतं. मी तोंड फटीशी नेलं आणि म्हटलं, "चिंगे, मी गं."

कडी निघायला बराच वेळ लागला. आत चिंगी उभी होती. घरातल्या चपला, काखेत एक पिशवी, आणि माझं कुलूप दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. ती इतकी हलकी झाली होती की मिठी मारताना मी जपून मारली.

"सामान बांधताना समजलं," ती म्हणाली. "उद्या जायचंय म्हणून. कुठे ते सांगेनात. ताई, मी दूध गॅसवरून उतरवलं का ते आठवत नाहीये."

"जाऊ दे दूध."

"ते येतील गं इथे."

"येतील," मी म्हटलं आणि कडी लावली. वरचा बोल्टही लावला, तो गंजला होता, ठोकून बसवावा लागला. पोलीस ठाण्याला फोन केला. तिथल्या बाईने पत्ता दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, पाठवते कुणाला तरी, दार उघडू नका.

पाऊण तासाने जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. दारावर तीन टकटक झाल्या.

"ताई, आहात ना घरी? मी आहे."

चिंगीने माझ्याकडे बघितलं.

"जरा आत येऊ का?"

माझ्या दारात आलेल्या माणसाला 'या' म्हटलं नाही असं कधी झालेलं नाही. मीटरवाला असो, वर्गणीवाला असो, तोंडातून आधी तेच निघतं, मग मी बघते कोण आहे ते. आत्ताही शब्द ओठांपर्यंत आला होता. चिंगी माझ्या तोंडाकडे बघत होती, श्वास न घेता.

मी तोंड मिटलं.

"ताई, मला कळतंय हो," तो म्हणाला. "तुमचा जीव आहे तिच्यावर. फक्त दोन मिनिटं. आत येऊ ना?"

मी चिंगीला हाताने खुणावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. ती येऊन माझ्या शेजारी बसली, तिनेही दाराला पाठ लावली. बाबा म्हणायचे, दुरुस्त केलेली पाठ लगेच सोडायची नाही. वजन ठेवायचं आणि थांबायचं, काय वाट्टेल ते झालं तरी घाई करायची नाही.

मी मान वाकवून दाराखालच्या फटीतून बघितलं. चकचकीत पॉलिश केलेले दोन बूट उंबऱ्याला अगदी लागून शेजारी शेजारी उभे होते.

"आत येऊ?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तितक्याच हळू आवाजात.

चिंगीने माझा हात धरला. तिच्या तळहातावर कुलपाचा वळ उठला होता. बूट हलले नाहीत. आम्हीही हललो नाही.