फ्रिजसमोरच्या चपला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं एक घर मनात उभं करा, जिथे आत येताना चपला बाहेर काढतात आणि फ्रिज उघडताना मात्र पायात घालतात. हसू नका. जावा बेटावरच्या पुर्वोरेजो गावात दहा वर्षांची वेनिंग अशाच घरात राहायची, आणि तिथे या गोष्टीचं कुणाला काही वाटत नसे.

स्वयंपाकघरात फ्रिजसमोर निळ्या रबरी चपलांचा एक जोड कायम मांडलेला असे. अनवाणी पायांनी फ्रिजचं दार धरलं की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येत. घर पणजोबांनी बांधलेलं. भिंतीवरच्या वायरी त्यांच्याच काळातल्या, वरून कापड गुंडाळलेल्या. तेव्हा त्यांना तीन दिवे सांभाळायचे होते. आता त्याच वायरींवर फ्रिज, पाण्याचा पंप, चार पंखे, भाताचा कुकर आणि इस्त्री होती. वायरी तक्रार करत नव्हत्या, म्हणून त्या सुखात आहेत असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

घरातल्या विजेचा कारभार पाकदे वार्सितोंकडे होता. पाकदे म्हणजे वेनिंगच्या आईचे थोरले भाऊ. ते पोस्टातून निवृत्त झाले होते, तेव्हा विजेतलं त्यांना सगळं कळणारच.

"शॉक कसला? गुदगुल्या आहेत नुसत्या," ते पाहुण्यांना समजावत. "जुनं घर आहे. नव्या माणसाची ओळख करून घेतं."

शेजारच्या बू लास्त्री, म्हणजे लास्त्रीबाई, तर रोज सकाळी आपलं दुखरं कोपर घेऊन येत. "जरा टेकवते हं फ्रिजला. गोळ्यांपेक्षा बरं वाटतं बाई." पाकदे मोठ्या मनाने बाजूला होत. असा दवाखाना अख्ख्या गल्लीत दुसरा नव्हता.

इतकी सगळी छान सोय असताना एका मंगळवारी वेनिंगचा धाकटा भाऊ सेतो चालायला लागला. त्याची पहिली नऊ पावलं सरळ फ्रिजच्या दिशेने पडली, कारण दारावर अननसाचं चकचकीत चुंबक होतं. नवव्या पावलाला वेनिंगने त्याला पोटाशी धरून उचललं.

"पाकदे, हा फ्रिजला हात लावणार. आज नाही तर उद्या."

पाकदेंनी गंभीरपणे विचार केला. त्यांचे विचार नेहमी गंभीरच असत. "खरंय नदुक, खरंय पोरी. याला चपला आणायला हव्यात."

आणि आणल्याही. पिवळ्या, चालताना पींपीं वाजणाऱ्या. सेतोने त्यातली एक काढली आणि तोंडात घातली.

"बघ, आवडल्या त्याला," पाकदे म्हणाले.

वेनिंग तडक घराबाहेर पडली आणि पाक त्रिमोंना, म्हणजे त्रिमोकाकांना, घेऊन आली. मशिदीच्या भोंग्यापासून शाळेच्या घंटेपर्यंत गावातलं विजेचं काम तेच करत. त्यांनी फ्रिजच्या दाराला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लखकन पेटला.

"वा," ते म्हणाले, "स्वयंपाकघरात वेगळा दिवा कशाला लावता?"

मग त्यांनी वेनिंगला नीट समजावून सांगितलं. फ्रिजच्या आतली वीज थोडी थोडी गळून पत्र्यावर येते. तिला जमिनीत जायचं असतं. या घरात तिला जायला वाटच ठेवलेली नाही, म्हणून ती दार धरणाऱ्या माणसातून जाते. पाय ओले असले तर आणखी जोरात जाते, आणि लहान मुलाला तेवढी सोसत नाही.

"अंगणात तांब्याचा दांडा ठोकू. तिथपर्यंत तिसरी वायर नेऊ. वीज गळली की तत्क्षणी तोडणारं बटण बसवू. आणि भिंतीवरच्या या वायरी बदला हो, पाक वार्सितो. तुम्ही निवृत्त झालात, यांनाही होऊ द्या."

"चाळीस वर्षांत या घरात कुणी शॉकने गेलंय?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. कुणीतरी जाईपर्यंत थांबायचं असेल तर थांबू. पण तोवर फ्रिज तरी बंद ठेवा."

"बंद? रविवारी आमच्याकडे अरिसान आहे, घरची भिशी! सगळं खानदान जमणार, तीस माणसं. जेली कुठे ठेवू, तुमच्या खिशात? रविवार होऊ दे, मग बघू. तुम्हीही या जेवायला."

रविवारी नातेवाईक आले. पाहुण्यांच्या काळजीपोटी पाकदेंनी फ्रिजसमोर चपलांचे आणखी दोन जोड ठेवले आणि दारावर कागद चिकटवला: 'कृपया चपला घालूनच उघडावे.' आल्यागेल्याला ते तो कागद अभिमानाने दाखवत होते. बर्फ फोडून फोडून स्वयंपाकघराची फरशी ओली झाली होती. ओल्या फरशीबद्दल कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

दिवाणखान्यात चटयांवर तीस माणसं दाटीवाटीने बसली. पाकदेंनी माईक हातात घेतला. विषय होता, पूर्वजांच्या वास्तूची निगा.

वेनिंग ओसरीवर चहाचे पेले भरत होती. तिथून दिवाणखान्यापलीकडचं स्वयंपाकघर सरळ दिसायचं. तिने मान वर केली, आणि तिला सेतो दिसला. मावशीच्या मांडीवरून निसटलेला, अनवाणी, ओल्या फरशीवर थपथप पावलं टाकत, हात पुढे करून अननसाकडे निघालेला.

"सेतो! कुणीतरी धरा त्याला!"

माईकपुढे तिचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचणार? मध्ये तीस माणसं, तीस पेले. धावून पोचणं शक्यच नव्हतं. पण घराचा मुख्य खटका तिच्या डोक्यावरच, ओसरीच्या भिंतीवर होता. तिने किटली खाली ठेवली, बाकावर चढली आणि खटका खाली ओढला.

"...आपल्या आजोबांनी ज्या प्रेमाने..." एवढ्यावर पाकदेंचा आवाज एकदम साध्या माणसासारखा झाला. पंखे मंदावले. आणि त्या शांततेत आतून आवाज आला, थप्प. सेतोचा तळवा फ्रिजच्या दारावर पडला होता.

सेतो खिदळला. आईने धावत जाऊन त्याला उचललं. त्याचे ओले पाय तिच्या हाताला लागले, तसे तिने ते पदराने खसाखसा पुसले.

पाकदे ओसरीवर आले. "कुणी पाडला खटका?"

"मी."

"वर कर. जेली वितळेल."

"वितळू दे."

"नदुक! मोठ्यांशी असं बोलतात?"

वेनिंगने हात जोडले आणि शाळेत गुरुजींशी बोलतात तशा अदबीच्या भाषेत म्हणाली, "क्षमा असावी, पाकदे. आपण चपला काढून त्या ओल्या फरशीवर उभं राहावं आणि फ्रिजचं दार धरावं. मग मी लगेच खटका वर करते."

तीस माणसांनी पाकदेंकडे पाहिलं. पाकदेंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बू लास्त्रींनी कोपर हळूच पदराखाली घेतलं.

"माझं भाषण अर्धं राहिलंय," शेवटी पाकदे म्हणाले.

"आम्हाला पुरलं," आतून आई म्हणाली.

पाकदे दोनदा खाकरले, पण खटक्याला हात लावायला पुढे आले नाहीत.

मग वेनिंगने काय केलं? ती बाकावरून उतरली, बाक सरकवून बरोबर खटक्याखाली घेतला आणि त्यावर मांडी घालून बसली. कोपऱ्यात पाक त्रिमो तिसऱ्यांदा भात वाढून घेत होते. त्यांना तिने हाक मारली, "पाक त्रिमो, तेवढा भात संपवा, हात धुवून कोरडे करा, आणि दांडा कुठे ठोकायचा ते दाखवा. मी इथेच आहे."