माझ्याभोवती चुना कुणी ओढला नाही

मी गिरीजच्या वाडीतलं बावखल बोलतंय. वसईबाहेरच्यांना बावखल म्हणजे काय ते सांगावं लागतं. विहीर नाही, तळंही नाही. केळी-नारळ शिंपायला जुन्या माणसांनी खणलेला, उतरत्या काठांचा मोठा खड्डा. पावसाळ्यात मी भरतं आणि मे महिन्यापर्यंत पाणी धरून ठेवतं. यात मोठेपणा काही नाही, ते माझं कामच आहे.

माझं पाणी तीन घरांचं. सोमवार-गुरुवार सालोमीबाईंची पाळी, मंगळवार-शुक्रवार सुधाकरची, बुधवार-शनिवार केनीच्या घराची. रविवार चर्चमधल्या मिसाचा, प्रार्थनेचा, त्या दिवशी कुणीच पाणी घ्यायचं नाही. सुधाकरच्या हिंदू घरानेही तो रविवार कायम पाळला. रहाट गेला, इंजिन आलं, मग मोटर आली, पाळी तीच राहिली. चुकून दुसऱ्याच्या वारी कुणी पाणी ओढलं, तर संध्याकाळी काठावर बसून बोलणं व्हायचं आणि तो गुपचूप आपली एक पाळी सोडायचा. कागद कुणी केला नाही. केनी कुवेतला गेला, घराला कुलूप लागलं, तरी त्याच्या वारी सुधाकर त्याच्याच नारळांना पाणी सोडतो.

दोन वर्षांपूर्वी ड्रोनने गावच्या जमिनीची मोजणी होणार असल्याची दवंडी व्हॉट्सॲपवर आली. प्रत्येकाने आपापल्या हद्दीवर चुना ओढून ठेवायचा होता. सालोमीबाई आणि सुधाकर तेव्हा वीतभर जागेवरून असे भांडले, की माझ्या काठावरचे बगळे उडाले. माझ्याभोवती मात्र रेघ कुणीच ओढली नाही. त्यात मी हिरव्या शेवाळाने गच्च झाकलेलं. वरून बघणाऱ्याला मी कुरणच वाटलं असणार. नकाशात माझ्या जागी छापून आलं, ‘मोकळी जागा’.

त्या यंत्राचा मला राग आला नाही, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. माझ्या माणसांचा आला.

वर्षभराने मोकळ्या जागेवर वाहनतळाचा प्रस्ताव आला. मला मातीने बुजवायचं ठरलं. हरकत घ्यायची तीही संगणकावरून, तीस दिवसांत. सालोमीबाईंची सून नॅन्सी हिने ते सव्विसाव्या दिवशी वाचलं आणि त्याच दुपारी हरकत भरली.

सुनावणी फोनवर झाली. घरात रेंज नव्हती, म्हणून सगळे माझ्या काठावर बसले. पडद्यावरच्या साहेबांनी कागद मागितला. कागद नव्हता. मग त्यांनी पाळीचे वार विचारले, सालोमीबाईंनी सांगितले. माझा जीव त्या वारांवर टांगलेला होता, कारण तोंडी बोलण्याला आता कोण विचारतो?

तेवढ्यात कुवेतहून केनी जोडला गेला. त्याने आधीचं काही ऐकलं नव्हतं. साहेबांनी त्यालाही तेच विचारलं.

“सोम-गुरू सालोमी मावशी, मंगळ-शुक्र सुधाकर, बुध-शनी आम्ही,” केनी म्हणाला. “आयतारी कुणी नाय.”

साहेब थोडा वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी विचारलं, पाणी होतं तर चुना का नाही ओढला?

“आपापल्या हद्दीला ओढा म्हणाले, साहेब,” सालोमीबाई म्हणाल्या. “हे माझ्या एकटीचं कुठंय? मी ओढला असता तर शेजाऱ्यांना काय वाटलं असतं?”

वाहनतळ थांबला. फेरमोजणीचा हुकूम झाला, आणि त्याआधी चुना ओढण्याचाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी शेवाळ काढलं. कितीतरी दिवसांनी माझ्यावर ऊन पडलं. सालोमीबाई आणि सुधाकर यांनी आपापल्या बाजूला रेघ ओढली. केनीच्या बाजूला कोण ओढणार? सुधाकरच चुन्याचं घमेलं घेऊन गेला. नॅन्सीने फोन धरला होता, केनी कुवेतमधून बघत होता.

“सुधाकर, अजून आत घे, माझ्या वाडीत,” तो म्हणाला. “पाण्याला जागा राहू दे.”

सुधाकरने दोन हात आत जाऊन रेघ ओढली. मग तो आपल्या बाजूला आला आणि तिथली रेघही पायाने पुसून मागे सरकवली. सालोमीबाईंनी घमेलं मागून घेतलं.

उद्या ड्रोन येणार आहे. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. पण तुमच्या गावात जे सगळ्यांचं आहे, त्याच्याभोवती एक दिवस जाऊन चुना ओढा. शेजाऱ्याला काय वाटेल म्हणून थांबू नका. त्यालाही बोलवा.